माती चार फुटांवर तपासली, तेल तीस फुटांवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर आता घरं उभी राहणार आणि तिथल्या माती-पाण्याची तपासणी होऊन 'काही आढळलं नाही' असा रिपोर्ट आलाय, ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली. वाचून बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला असेल. माझा काही पडला नाही, कारण मी बरीच वर्षं हेच काम केलंय, जुन्या जागांवर बोअर मारायचे, माती काढायची, पाणी काढायचं आणि लॅबला पाठवायचं. बातमीत माती चार फुटांवरून घेतली एवढीच काय ती माहिती आहे. बोअर कुठे मारले, पाणी किती खोलीवर लागलं, नमुना कुठल्या महिन्यात घेतला, लॅबला नेमकं काय शोधायला सांगितलं, काहीच नाही. हे माहीत नसेल तर तो रिपोर्ट असून नसल्यासारखा आहे. कुणी लबाडी केली असं मी अजिबात म्हणत नाहीये. अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या जागी बोअर मारला तरी रिपोर्ट स्वच्छच येतो, त्यात लॅबचा काही दोष नसतो, बाटलीत जे आलं ते त्यांनी तपासलं.

अशा जुन्या जागांवर मुख्य भीती असते ती जमिनीत झिरपलेल्या तेलाची. म्हणून आधी तेल जमिनीत गेल्यावर काय करतं ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जमिनीखालची टाकी किंवा पाइप झिरपायला लागला की पेट्रोल, डिझेल, रॉकेल जे काही असेल ते बहुतेक सरळ खाली जातं, आजूबाजूला फारसं पसरत नाही, म्हणजे गळतीपासून दहा-पंधरा फुटांवर वरवरची माती खणली तर ती एकदम छान निघू शकते, वाससुद्धा नाही. मध्ये चिकणमातीचा थर लागला तर त्याच्यावरून घसरत भलतीकडेच निघतं. जाता जाता थोडं थोडं मातीच्या कणांमध्ये अडकून बसतं आणि ते आपणहून निथळत नाही, वर्षानुवर्षं तिथेच. उरलेलं भूजलापर्यंत पोचतं, पण पेट्रोलची घनता साधारण ०.७५ असल्यामुळे ते पाण्यात बुडत नाही, पाण्याच्या पातळीवर आडवं पसरतं. समजा पाणी तीस फुटांवर असेल तर तेलाचा खरा मुक्काम तीस फुटांवर, आणि आपण चार फुटांवरची माती पिशवीत भरून लॅबला पाठवतोय.

त्या थरातला काही भाग मग हळूहळू पाण्यात विरघळतो आणि पाणी वाहील तिकडे जातो. बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलीन ही पेट्रोलमधल्या रसायनांची ती चौकडी. यातलं बेंझिन सगळ्यात वाईट, त्याने माणसाला कॅन्सर होतो यात आता काही वाद राहिलेला नाही, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला पहिल्या गटात टाकते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर बेंझिन नको असं ही संघटना म्हणते, अमेरिकेत तर मर्यादा ५ आहे. आणि पेट्रोलला टेकून असलेल्या पाण्यात ते लिटरला कित्येक मिलिग्रॅम असू शकतं, एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. नाकावर तर भरवसा ठेवूच नका, पाण्याला वास जाणवायच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असू शकते.

तर पहिला प्रश्न, बोअर मारायचा कुठे. मशीन नंतर येतं, आधी कागद आणि माणसं. जुने प्लॅन, टाक्यांचे परवाने, जुने हवाई फोटो असतील तर ते, आग लागल्याच्या नोंदी, आणि मुख्य म्हणजे तिथे काम केलेले लोक. प्लॅनवर टाकी दाखवलेली असते पण टँकर कुठे उभा राहायचा, पाइप सोडवताना कुठे सांडायचं, वापरलेलं ऑइल कुठल्या खड्ड्यात ओतायचे, गाड्या धुतलेलं पाणी कुठल्या गटारात जायचं हे प्लॅनवर नसतं, ते बॉयलरवर काम केलेल्या माणसाला विचारावं लागतं. एक गंमत सांगतो. टाकीत किती माल आहे ते बघायला वरून पट्टी सोडतात, ती रोज त्याच जागी तळाला आपटते आणि वर्षानुवर्षं आपटून आपटून पत्रा तिथेच झिजतो, म्हणून टाकीला भोक पडायची एक ठरलेली जागा म्हणजे पट्टी सोडायच्या पाइपच्या बरोबर खाली. हे माहीत असलेला माणूस बोअर तिथे जवळ मारतो. माहीत नसलेला प्लॉटवर चौकोन आखतो आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक बोअर, दिसायला फार शास्त्रशुद्ध, पण टाकी नेमकी दोन बोअरच्या मध्ये राहून जाते.

अजून एक जागा हमखास सुटते ती म्हणजे ड्रेनेज, केबल आणि पाण्याच्या लाइनीचे चर. चर खणून पाइप टाकल्यावर वर भुसभुशीत वाळू-माती लोटलेली असते, तेलाला यापेक्षा सोपी वाट कुठली? कुंपणाच्या बाहेर, रस्त्यापलीकडे तेल निघतं ते बरेचदा याच वाटेने. म्हणून प्लॉटच्या हद्दीपुरताच तपास हा अर्धाच तपास, पण हद्दीबाहेर बोअर मारायचा म्हटलं की परवानगी कोण देणार आणि निघालं तर निस्तरणार कोण यावर गाडी अडते, ती मी अनेकदा अडलेली पाहिली आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ग्रीनपॉइंट भागाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे एकोणिसाव्या शतकापासून रिफायनऱ्या आणि तेलाचे डेपो होते. १९७८ मध्ये कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरमधून न्यूटाउन क्रीक या खाडीच्या पाण्यावर तेल दिसलं, ते येतंय कुठून म्हणून शोध घेतला तर रस्त्यांखाली, दुकानांखाली, घरांखाली मिळून १ कोटी ७० लाख गॅलन तेल असावं असा अंदाज निघाला, म्हणजे सहा कोटी लिटरच्या वर. वर माणसं राहत होती, दुकानं चालू होती, आणि हे कळलं कधी तर खाडीच्या काठातून तेल बाहेर यायला लागलं तेव्हा.

आता पाण्याकडे येतो. भूजल कुठल्या दिशेला वाहतंय हे एका बोअरवरून कळत नाही, दोनवरूनही नाही, कमीत कमी तीन लागतात आणि तेही एका ओळीत नकोत, तिन्हींच्या तोंडाची उंची लेव्हल मशीनने मोजून मग पाण्याची पातळी काढायची तेव्हा कुठे उतार समजतो. जमिनीचा उतार इकडे म्हणजे पाण्याचाही इकडे असं धरून चालायचं नाही, शेजारी कुणी मोठा पंप लावून उपसा करत असेल तर पाणी उलटं त्याच्याकडेच वळतं आणि सोबत जे काय विरघळलंय तेही. ज्या रिपोर्टमध्ये पाण्याच्या दिशेचा बाण दाखवलेला नाही तो मी पुढे वाचतच नाही.

त्यातही निरीक्षण विहीर बांधली कशी याला फार महत्त्व आहे आणि हे लोकांना कुणी सांगत नाही. बोअरमध्ये एक पाइप सोडतात, त्याच्या खालच्या काही फुटांना बारीक चिरा असतात, त्यातून पाणी आत येतं. तेल तरंगतं, म्हणजे चिरांचा भाग पाण्याच्या पातळीच्या थोडा वर आणि थोडा खाली असा दोन्हीकडे यायला हवा. चिरा पूर्ण पाण्याखाली गेल्या तर वर तेलाचा थर असला तरी तो बाहेरच थांबणार, आत स्वच्छ पाणी, नमुना स्वच्छ, रिपोर्ट स्वच्छ! म्हणून कारखान्याचीच जुनी पाण्याची बोअरवेल होती, तिच्यातून नमुना घेतला असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते, कारण त्या बोअरला वरचा सगळा भाग केसिंगने, म्हणजे बिनचिरांच्या पाइपने बंद असतो आणि पाणी खूप खालून येतं. शिवाय मध्ये चिकणमातीचा थर असेल आणि नीट बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) वगैरे भरून सील न करता बोअर आरपार मारला तर वरची घाण खालच्या चांगल्या पाण्यात सोडायचं काम तपासणी करणाऱ्यानेच केलं असं होतं.

आणि ऋतू. ही तर सगळ्यात मोठी फसगत. पावसानंतर पाण्याची पातळी वर चढते तेव्हा तेलाचा बराचसा भाग पाण्याखाली मातीत अडकतो आणि विहिरीतला थर पातळ होतो किंवा पार दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पातळी उतरली की अडकलेलं तेल सुटून परत विहिरीत जमायला लागतं. असं वर्षानुवर्षं वरखाली होऊन तेवढ्या उंचीचा सगळा पट्टा तेलाने माखतो. तेव्हा पाणी भरपूर असतानाच्या एका दिवशी विहिरीत प्रोब (तेल आणि पाण्याची पातळी मोजायचं उपकरण) सोडला, तेलाचा थर नाही मिळाला, विषय संपला, असं कसं चालेल? वर्षभर तरी पातळी वर असताना आणि खाली गेल्यावर अशी दोन्ही वेळा मोजली पाहिजे. उलट बाजूनेही फसायला होतं बरं का, विहिरीत वीतभर जाडीचा थर दिसला म्हणजे मातीतही तेवढाच जाड आहे असं नाही, बारीक मातीत तर विहिरीतला थर बाहेरच्यापेक्षा बराच जाड दिसतो, आणि त्यावरून 'इतके लाख लिटर तेल' असे आकडे ठोकून दिले जातात.

नमुना घ्यायची पद्धत हा माझा जुना रागाचा विषय. बेंझिन, टोल्युइन ही मंडळी उडून जाणारी आहेत, जरा हवा लागली की गेली. पाण्याच्या नमुन्याला चाळीस मिलिची छोटी काचेची बाटली असते, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर, आत आधीच थोडं ॲसिड घातलेलं असतं म्हणजे जंतू वाटेत बेंझिन खाऊन टाकत नाहीत. बाटली काठोकाठ, अगदी पाणी फुगून वर येईल इतकी भरायची, झाकण लावायचं, मग उलटी करून बोटाने टिचकी मारून बघायचं, आत बुडबुडा दिसला तर परत नवी बाटली घ्यायची. मग बर्फात, आणि ठरलेल्या दिवसांच्या आत लॅबला. आता प्रत्यक्षात काय होतं तर बादलीने पाणी उपसतात, ते उंचावरून प्लॅस्टिकच्या बाटलीत ओततात, अर्धी बाटली रिकामी, आणि ती दुपारभर गाडीच्या डिकीत. मातीचं तर विचारूच नका, पाच ठिकाणची माती घमेल्यात एकत्र कालवून उन्हात छान एकजीव करून मग पिशवीत भरतात, हलकं पेट्रोल तिथेच उडून जातं आणि लॅबला पोचते ती हवा खाल्लेली माती. एकत्र कालवल्यामुळे एका जागी भरपूर तेल असलं तरी ते पाचात वाटलं जाऊन मर्यादेखाली येतं ते वेगळंच. आणि सोबत एक बाटली शुद्ध पाण्याची न उघडता फिरवून आणायची असते, म्हणजे वाटेत काही मिसळलं का ते कळतं, ती तर कुणाला माहीतच नसते.

मग लॅबला सांगितलं काय? पुष्कळ रिपोर्टमध्ये फक्त 'ऑइल अँड ग्रीस' ही टेस्ट असते. त्यात नमुन्यातलं तेल एका द्रावकात ओढून घेतात, मग द्रावक गरम करून उडवून देतात आणि खाली उरलं त्याचं वजन करतात. द्रावकाबरोबर बेंझिन आणि हलकं पेट्रोलही उडून जातं हे उघडच आहे. जड ऑइल, ग्रीस मोजायला ती टेस्ट ठीक आहे, पेट्रोलच्या जागेवर ती करून 'नाही' म्हणणं म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा. बेंझिन आणि त्याच्या भाऊबंदांची गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातली रसायनं वेगवेगळी करून मोजणारं यंत्र) वेगळी टेस्ट मागावी लागते, डिझेल आणि फर्नेस ऑइलच्या जागेवर नॅफ्थलीन आणि त्या जातीतली बाकीची संयुगं मागावी लागतात, शिसंवालं पेट्रोल जिथे साठवलं जायचं तिथे शिसंही बघायचं. आणि आकड्यापुढे लॅबची किमान मोजता येणारी पातळी किती ते बघा, मर्यादा १० असेल आणि लॅब ५०च्या खालचं मोजूच शकत नसेल तर तिथे लिहिलेल्या 'आढळले नाही'चं काय करायचं?

लोकांनी घाबरून जावं म्हणून हे लिहीत नाहीये हं. जमिनीतले जंतू तेल खातात, हे खरं आहे आणि ते नीट अभ्यासलं गेलंय. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ ला पाइपलाइन फुटली आणि साधारण १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं, बरंचसं उचललं पण काही लाख लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ती जागा प्रयोगशाळाच करून टाकली. त्यातून दिसलं की विरघळलेलं बेंझिन वगैरे पाण्याबरोबर अमर्याद पुढे जात नाही, जंतू आधी ऑक्सिजन वापरून ते फस्त करतात, तो संपला की नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट असं जे मिळेल ते वापरतात, शेवटी मिथेन बनतो. म्हणून अशा जागी ऑक्सिजन अजिबात नाही आणि विरघळलेलं लोह भरपूर असं पाणी दिसलं, बाहेर काढल्यावर जरा वेळाने ते तांबूस पडायला लागलं, तर अनुभवी माणूस लगेच कान टवकारतो, वर तेल दिसत नसलं तरी. पण बेमिजीला इतक्या वर्षांनीही जमिनीत तेल आहेच, हेही लक्षात घ्या.

तेव्हा 'निसर्ग आपोआप साफ करेल' हे वाक्य फुकट वापरायचं नाही, ते मोजून सिद्ध करायचं असतं, त्याच विहिरींत, वर्षानुवर्षं, आकडे खाली येताना दाखवून. सगळीच रसायनं जंतूंना आवडतातही नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळायचं एमटीबीई नावाचं रसायन पाण्यात भराभर विरघळतं आणि सहजासहजी कुजत नाही, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये त्याच्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या. आणि जुन्या कारखान्यात यंत्रांचे भाग धुवायला ट्रायक्लोरोइथिलीनसारखे सॉल्व्हंट वापरलेले असतील तर ते पाण्यापेक्षा जड, तरंगत नाहीत, खाली बुडतात, तेव्हा फक्त पाण्याच्या पृष्ठभागावर शोधणाऱ्याला ते कधी सापडणारच नाहीत.

घरं बांधायची जागा आहे म्हणून वाफेचा मुद्दा सोडून चालणार नाही. तिथलं पाणी कुणी पिणार नाही, नळाचं पाणी येणार, मग काळजी कसली, हे उत्तर मी ऐकलेलं आहे. तेल खाली असेल तर त्याची वाफ मातीतून वर येते आणि बेसमेंटच्या भेगांतून, पाइप जिथे जमिनीतून आत येतात तिथल्या फटींतून घरात शिरते. बंद जागेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण हवेच्या दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी ठिणगीने भडका उडू शकतो, आणि त्याच्या कितीतरी खाली असतानाही रोज श्वासात बेंझिन जात असतं ते निराळं. म्हणून माती आणि पाण्याबरोबर मातीतल्या हवेचा नमुनाही घ्यायला लागतो, आणि तो बांधकाम व्हायच्या आधी घेतला तर काहीतरी करता येतं, स्लॅब पडल्यावर काय करणार.

हे सगळं कन्सल्टंटना माहीत नसतं असं नाही, चांगले लोक आहेत या धंद्यात. पण त्यांना पैसे देतो जागा विकणारा किंवा बांधणारा, बोअर किती मारायचे हे बजेटवर ठरतं, आणि रिपोर्ट महिनाभरात हवा असतो, मग वर्षभराची पातळी कोण मोजत बसणार. म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याने जरा त्रास घ्यायला हवा. तुमच्या वार्ताहराने पुढच्या वेळी फक्त पहिल्या पानावरचा निष्कर्ष न छापता मागची जोडपत्रं मागावीत, बोअरचा नकाशा जुन्या टाक्यांच्या नकाशावर ठेवून बघावा, प्रत्येक बोअरची खोली आणि पाण्याची पातळी तारखेसह आहे का ते बघावं, आणि लॅबचा मूळ कागद बघावा, त्याचा टाइप केलेला गोषवारा नको. जोडपत्रं द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तीच बातमी छापा.

आणि अजून एक, हे तातडीचं आहे. काम सुरू झालं की सपाटीकरण करणारा जेसीबीवाला निरीक्षण विहिरींचे पाइप पहिल्याच दिवशी मोडून टाकतो, त्याला ते जमिनीतून वर आलेले फालतू पाइपच वाटतात. जागेवर आत्ता ज्या काही विहिरी असतील त्यांच्याभोवती चार विटा रचून झाकण लावून नंबर घालून ठेवायला सांगा, उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा त्यातच परत प्रोब सोडून बघायचंय.

आपला,
एक जुना वाचक (भूजल तपासणीच्या कामातून निवृत्त)